फुटबॉलच्या गावाला जाणारी गाडी

शाहू स्टेडियमवर मॅच असली की तुमच्यापैकी काहीजण मिरज स्टेशनवरून कोल्हापूरची गाडी पकडत असणार. अंतर जेमतेम अठ्ठेचाळीस किलोमीटर. खिडकीत जागा मिळाली तर बरं, नाहीतर दारात उभं राहायचं, मोबाईलवर आजची टीम बघायची आणि पाटाकडील की दिलबहार यावर भांडत जायचं. उतरताना फलाटावरच्या पाटीवर नाव वाचायचं : छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. तिथून स्टेडियमवर जायचं, तर त्याचंही नाव राजर्षी शाहू स्टेडियम.

एकाच माणसाचं नाव स्टेशनला आणि स्टेडियमलाही. शाळेत आपण शाहू महाराजांवर दहा ओळींची उत्तरं लिहिलीत. आरक्षण, वसतिगृहं, राधानगरी धरण... पाठ आहे सगळं. पण फुटबॉलचा आणि त्यांचा संबंध काय, असं कधी वाटलं का? त्यांचा खेळ तर कुस्ती. लाल माती, लंगोट आणि शड्डू. मग कोल्हापूरच्या ज्या टीमसाठी तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडता, तिच्या नावात ‘तालीम’ हा शब्द कुठून आला?

चला, याच गाडीत बसून बघूया. कारण गोष्ट सुरू होते तीही या रुळांवरच.

तेरा वर्षांच्या मुलाची पहिली कुदळ

साल १८८८. मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, कोल्हापूर छत्रपतींचं. आपल्या मिरजेवरून मोठी रेल्वेलाईन गेली होती, पण कोल्हापूरला जायचं तर बैलगाडी नाहीतर टांगा. कोल्हापूर संस्थानानं ठरवलं की मिरजेपर्यंत आपली रेल्वे न्यायची. त्या वर्षीच्या मे महिन्यात या कामाचा शुभारंभ झाला, तो एका तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, गाडी धावायला लागली. तुम्ही आज ज्या मार्गावरून मॅचला जाता, तो हाच.

तो मुलगा म्हणजे शाहू महाराज. आठवी-नववीतल्या पोराच्या वयाचे. संस्थानाचे राजे होते खरे, पण कारभार अजून हातात आला नव्हता. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, जन्मानं ते राजपुत्रही नव्हते.

गाडी कृष्णेचा पूल ओलांडून पहिल्या मोठ्या स्टेशनात शिरते. जयसिंगपूर. आखीव रस्त्यांचं, व्यापारी पेठेचं हे गाव शाहू महाराजांनी वसवलं आणि त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचं नाव दिलं. जयसिंगराव घाटगे, कागलच्या जहागीरदार घराण्यातले. त्यांचा थोरला मुलगा यशवंतराव २६ जून १८७४ रोजी जन्मला. आई राधाबाई तो तीन वर्षांचा असतानाच गेली. कोल्हापूरच्या गादीवर वारस उरला नव्हता, तेव्हा मार्च १८८४ मध्ये या मुलाला दत्तक घेतलं गेलं. यशवंतरावचे शाहू छत्रपती झाले. वय पुरतं दहाही नव्हतं. आणखी दोन वर्षांत वडीलही गेले.

म्हणजे बघा, बाराव्या वर्षी आई नाही, वडील नाहीत. डोक्यावर एका संस्थानाचं नाव आणि भोवती सतत मोठ्या माणसांचा गराडा. अशा वयात एखादं पोर कोमेजून जातं. हे पोर मातीत उतरलं. घोड्यावर बसायचं, शिकारीला जायचं, जोर-बैठका मारायच्या, कुस्ती खेळायची. अंग असं भरलं की पुढे त्यांच्या ताकदीच्या गोष्टी गावोगावी सांगितल्या जाऊ लागल्या.

शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवलं. संस्थानिकांच्या मुलांची ही शाळा इंग्लंडातल्या शाळांच्या धर्तीवर चालायची, म्हणजे पुस्तकांच्या बरोबरीनं मैदानही आलंच. ज्यांच्या नावानं आज रणजी ट्रॉफी खेळली जाते, ते रणजितसिंह याच शाळेतले. १८८५ ते १८८९ अशी वर्षं तिथे काढल्यावर महाराज धारवाडला आले. तिथे फ्रेझर नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली चार वर्षं शिकले. इतिहास, इंग्रजी, राज्यकारभार. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रं हातात आली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. आज कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असता तुम्ही त्या वयात.

एक वसतिगृह, आणि एक चूक

आता नीट लक्ष द्या, कारण आपल्या गोष्टीचा गाभा इथे आहे.

राज्य हातात आल्या आल्या महाराज दौऱ्यावर निघाले. गावोगाव फिरले. मग १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकानं उघडून, कामं काढून त्यांनी रयतेला जगवलं. या फिरण्यात त्यांना एक गोष्ट दिसली. संस्थानातल्या नोकऱ्या, शाळा, अधिकार सगळं मूठभर घरांत अडकलेलं. बाकीची पोरं गुरांमागे. हुशारी नव्हती म्हणून नव्हे, तर शहरात येऊन राहायला जागा नव्हती म्हणून.

त्यांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात एक वसतिगृह उघडलं. सगळ्या जातींच्या मुलांसाठी. दार सर्वांना उघडं. आणि झालं काय? आत आली ती जवळपास सगळी एकाच वर्गातली मुलं, जी आधीच शिकत होती. बाकीच्यांना त्या दारातून आत पाऊल टाकायचा धीरच होईना.

विचार करा, तुमच्या गल्लीतल्या मैदानावरही हे घडतं की नाही? मैदान सगळ्यांचं असतं, पाटी तशी लावलेली असते. पण कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघणारं एखादं पोर असतंच. बूट नसतात, ओळख नसते, कुणी ‘ये’ म्हणत नाही. दार उघडं असणं आणि आत बोलावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराजांना विशी-बाविशीत उमगलं.

मग त्यांनी मार्ग बदलला. १९०१ मध्ये मराठा मुलांसाठी बोर्डिंग निघालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, पांचाळ... एकेका समाजाला हाताशी धरून, जागा देऊन, अनुदान देऊन त्यांनी वसतिगृहं उभी करवली. १९०६ च्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये त्यांनी स्वतः लक्ष घातलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

जातवार वसतिगृहं काढून महाराजांनी भिंती बांधल्या, अशी टीका तेव्हाही झाली. पण पुढचं पाऊल बघा. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांनी एकाच शाळेत, एकत्र बसायचं, असा हुकूम काढला. आधी प्रत्येकाला पाय रोवायला स्वतःची जागा दिली. पाय रोवले गेल्यावर मधली भिंत काढली.

हा क्रम लक्षात ठेवा. गाडी कोल्हापुरात पोचली की तो परत भेटणार आहे.

पंचगंगेवरून जाताना

रुकडी सोडली की गाडी पंचगंगेवर येते. याच नदीच्या काठी, कोल्हापूरच्या घाटावर, १८९९ च्या कार्तिकात महाराज स्नानाला गेले होते. पुरोहित मंत्र म्हणत होते ते वेदातले नव्हे, पुराणातले. छत्रपती झाले तरी वेदमंत्रांचा अधिकार तुम्हाला नाही, असा त्याचा अर्थ. ज्याच्या नावानं राज्य चालतं त्याला त्याच्याच नदीच्या घाटावर कमी लेखलं गेलं. हे वेदोक्त प्रकरण पुढे कित्येक वर्षं गाजलं.

अपमान प्रत्येकाच्या वाट्याला येतो. कुणी तो गिळतो, कुणी सूड घेतो. महाराजांनी वेगळाच हिशोब केला. छत्रपतीची ही गत, तर ज्याला रस्त्यातही कुणी शिवत नाही त्याचं काय होत असेल? २६ जुलै १९०२ रोजी, ते स्वतः इंग्लंडात असताना, कोल्हापुरात जाहीरनामा निघाला. संस्थानातल्या मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या. महाराज तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते.

नुसते हुकूम काढून ते थांबले नाहीत. राजवाड्याच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला पैसे देऊन चहाचं दुकान काढायला लावलं. गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतःच गाडी थांबवून तिथे चहा प्यायला लागले. सोबतच्या बड्या मंडळींनाही प्यावा लागला. राजानं जिथे चहा प्यायला तिथे नाक मुरडायचं कसं? भाषण न करता गावाची सवय मोडायची ही त्यांची रीत.

खासबाग : मागच्यालाही दिसलं पाहिजे

आलं कोल्हापूर. स्टेशनाबाहेरची शाहूपुरी ही पेठही त्यांनीच वसवलेली. तिथून गावात जाऊ, खासबागेत.

१९०२ च्या त्या प्रवासात महाराज युरोपातही फिरले. रोममध्ये त्यांनी जुनं भव्य प्रेक्षागार पाहिलं. मधोमध रिंगण आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या. दुसरा कुणी राजा असता तर तसा एखादा महाल बांधला असता. यांच्या डोक्यात आलं ते कुस्तीचं मैदान. १९०७ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. मधला हौदा खोलगट, भोवतीची जमीन बशीसारखी चढत गेलेली. कुठेही बसा, अगदी शेवटच्या रांगेत बसा, पैलवान दिसणारच. पुढे मानकरी बसले म्हणून मागच्या शेतकऱ्याच्या वाट्याला नुसत्या पाठी आल्या, असं तिथे होत नाही.

या मैदानात उत्तरेकडचे नावाजलेले मल्ल आले. महाराजांनी त्यांना आश्रय दिला, खुराक दिला, बक्षिसं दिली. हिंदू असो, मुसलमान असो, पंजाबचा असो की शिरोळचा. अस्पृश्य समाजातले पैलवानही त्यांनी तयार केले. त्यांना कुणी जातीवरून हिणवू नये म्हणून नवी नावं बहाल केली. लाल मातीत दोघं भिडले की घाम आणि माती एकमेकांच्या अंगाला लागणारच. शिवाशिव पाळून कुस्ती होत नसते! खेळाचा हा गुण महाराजांनी बरोबर हेरला होता.

आणि खासबागेच्या जोडीला त्यांनी पेठापेठांतल्या, गावागावांतल्या तालमींना बळ दिलं. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पहाटे पोरं येणार, वस्ताद शिकवणार, संध्याकाळी कट्ट्यावर पेठ जमणार. कुणाच्या घरी लग्न असेल तर तालमीची पोरं राबणार, कुणाकडे मयत झाली तर खांद्यालाही तीच. गणपती बसणार तोही तालमीत. आणि मोहरमचा पंजाही. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि पंजा दोघांचाही मान आजही राखला जातो.

म्हणजे खेळ आणि सण एकाच छपराखाली. वर्गणी एकच, कार्यकर्ते तेच, ईर्षाही तीच.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत गेले. वय अवघं सत्तेचाळीस. चार वर्षांपूर्वी धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघातानं गेला होता. त्या दुःखातही त्यांनी कोवळ्या वयाच्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, घरच्यांचा विरोध पत्करून शिकवायला घेतलं होतं. शेवटपर्यंत हा माणूस एकच काम करत राहिला. जो मैदानाबाहेर उभा आहे, त्याला आत घ्यायचं.

मग चेंडू आला

इंग्रजांबरोबर फुटबॉल देशभर पसरला तसा तो कोल्हापुरातही रुजला. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, तुमची केएसए, तिथे खेळाचा कारभार बघते. पण कोल्हापूरचा फुटबॉल मुंबई-पुण्यासारखा कंपन्यांच्या आणि जिमखान्यांच्या टीमवर उभा राहिला नाही. तो उभा राहिला पेठांवर. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. आखाडा होताच, वस्ताद होते, कट्टा होता, रोज येणारी पोरं होती. तिथे फक्त एक चेंडू आणून टाकायचा होता. पैलवानांच्या घरात खेळाडू तयार व्हायला लागले.

म्हणून मॅच म्हणजे पेठेचा सण. ढोल, झेंडे, खिडक्याखिडक्यांतून बघणाऱ्या आज्या. जिंकलं की गुलाल. गणपतीत राबणारी पोरं तीच, फुटबॉलला राबणारीही तीच. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. असे खेळाडू आभाळातून पडत नाहीत. त्यांच्यामागे संध्याकाळी साडेपाचला मैदानावर असलंच पाहिजे असं मानणारं एक आख्खं गाव असतं.

आता खरंही सांगायला हवं. ही ईर्षा कधीकधी हद्द ओलांडते. समर्थकांत मारामाऱ्या होतात, दगड पडतात, मॅच थांबवावी लागते. स्टेडियमवर ज्यांचं नाव आहे त्यांना हे आवडलं असतं का? पेठेची टीम ही पाय रोवायची जागा आहे. तीच भिंत झाली तर महाराजांचा अर्धाच धडा आपण शिकलो. आठवतो ना तो क्रम? आधी ज्याची त्याची जागा, मग सगळे एका वर्गात.

परतीची गाडी

मॅच संपली. रात्रीची परतीची गाडी. पुन्हा पंचगंगा, पुन्हा रुकडी. या स्टेशनपासून जवळच माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते एकोणतीस वाटेवरचे, फारसे कुणाला माहीत नसलेले एक तरुण बॅरिस्टर होऊ घातलेले विद्वान, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शाहू महाराज स्वतः तिथे गेले आणि भर सभेत लोकांना सांगितलं की तुमचा खरा पुढारी हाच. राजानं आपली गादी सोडून एका तरुणाच्या पाठीवर हात ठेवला. नवा खेळाडू ओळखून त्याला मैदानात उतरवणं म्हणतात ते हेच.

आणि मग अंधारात कृष्णेचा पूल येतो, आणि आपली मिरज.

आपल्या मिरजेलाही सण कमी नाहीत. मीरासाहेबांचा उरूस, मोहरम, गणपती. विसर्जनाची मिरवणूक तर रात्र उलटून दुसऱ्या दिवसावर जाते. आणि रस्त्यावरच्या त्या उंच स्वागत कमानी! बघायला आसपासची गावं लोटतात. पण २००९ च्या सप्टेंबरात अशाच एका कमानीवरच्या चित्रावरून याच मिरजेत दंगल उसळली. संचारबंदी लागली, आग सांगली-कोल्हापूरपर्यंत पोचली. तुमच्यातले बरेचजण तेव्हा जन्मलेही नव्हते, किंवा पाळण्यात होते. घरातल्या मोठ्यांना विचारा, ते आवाज खाली आणून सांगतील. ज्या गावानं अब्दुल करीम खाँसाहेबांना आपलं मानलं, जिथल्या सतारी सगळ्या देशात वाजतात, त्या गावात शेजारी शेजाऱ्याला घाबरला.

दंगलीत पुढे कोण असतं? पंधरा ते पंचवीस. म्हणजे तुमच्याच वयाची पोरं. ज्यांच्या अंगात रग आहे आणि संध्याकाळी जायला जागा नाही. महाराजांनी याच रगीला मातीत उतरवलं होतं. आपण तिला चेंडूमागे का पळवू नये?

फुटबॉल यासाठी फार सोयीचा खेळ आहे. एका चेंडूत बावीस जण खेळतात. पॅड नको, बॅट नको. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज किमान ६० मिनिटं अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फुटबॉलमध्ये तास कधी गेला ते कळतही नाही. दम वाढतो, झोप लागते, मोबाईल खिशात राहतो. आणि एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात शिकता येत नाही. पास द्यायचा तर त्या क्षणी फक्त बघायचं असतं की मोकळा कोण आहे. त्याचं आडनाव बघायला वेळच नसतो.

सण आणि फुटबॉल एकत्र येऊ शकतात हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलंय. त्या वर्ल्ड कपच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्यभरात एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचा असं ठरलं. शाळांची पटांगणं, पोलीस मैदानं, गावचे माळ, जिथे जागा मिळाली तिथे पोरं खेळली. एक दिवस आख्खं राज्य चेंडूमागे होतं. पण दिवस संपला आणि बहुतेक ठिकाणी चेंडू कपाटात गेले. कारण त्या दिवसामागे तालीम नव्हती. रोज दार उघडणारं कुणी नव्हतं.

मिरजेत ते दार कोण उघडू शकतं? तुमचं मंडळ.

तुमच्या मंडळाला जमेल असं

• गणपतीचे दहा दिवस असतात. त्यातली एक संध्याकाळ फुटबॉलची ठेवा. उरूस, शिवजयंती, आंबेडकर जयंती, कुठलाही सण चालेल. २६ जून, शाहू जयंती, राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. पावसाळी मैदानावरच्या फुटबॉलला याहून चांगला मुहूर्त नाही.

• पहिली फेरी मंडळांच्या टीमची होऊ द्या. ज्याची त्याची जर्सी, ज्याचा त्याचा ढोल. दुसऱ्या फेरीत सगळ्या खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका आणि नव्या टीम काढा. ब्राह्मणपुरीचा गोलकीपर आणि मोमीन गल्लीचा फॉरवर्ड एकाच टीममध्ये आले की बघणाऱ्यांना ओरडायचं कुणाच्या नावानं हा प्रश्न पडेल. पडू द्या!

• बारा वर्षांखालच्या पोरांना मोठं मैदान नको. सात-सात जणांची टीम, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि चार नंबरचा चेंडू पुरे. गोलपोस्ट नसेल तर दोन काठ्या रोवा.

• मुलींची मॅच शेवटी शोभेला ठेवू नका, मधोमध ठेवा. गर्दी भरात असते तेव्हा.

• पाणी, बर्फ, प्रथमोपचाराची पेटी आणि दोघांनाही मान्य असलेला पंच. त्याचा शब्द शेवटचा. जो पंचावर धावून जाईल त्याच्या मंडळाची टीम पुढच्या वर्षी नाही, हे आधीच फलकावर लिहा.

• कमानीच्या आणि साऊंडच्या खर्चातून एका रात्रीचे पैसे बाजूला काढा. तेवढ्यात चेंडू, बिब आणि जाळी येते. आणि सण संपला तरी दर रविवारी सकाळी मैदानावर मंडळाचा एक कार्यकर्ता हजर राहील, एवढं नक्की करा. चेंडू कपाटात जाता कामा नये.

६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली. त्या दिवशी आख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. रिक्षा, बस, बाजार, सगळं स्तब्ध. शंभर सेकंद थांबणं हा मान झाला. त्यांचं काम मात्र थांबण्याचं नव्हतं, बोलावण्याचं होतं.

उद्या संध्याकाळी मैदानावर जाल तेव्हा कोपऱ्यात बघा. नुसतं बघत उभं असलेलं एखादं पोर तिथे असेल. पायात चप्पल, हात पाठीमागे. त्याच्याकडे चेंडू ढकला.